तीस वर्षांचा शोध

मी दारू पीत नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. पगाराच्या चिठ्ठीवरचे कपातीचे रकाने भरून जे काही उरतं त्यात तो छंद बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाइनशी माझा उभ्या आयुष्यात एकदाच संबंध आला. एका मॅनेजरसाहेबांच्या निरोप समारंभात समोर लालसर काहीतरी भरलेला ग्लास आला आणि मी तो कोकम सरबत समजून एका दमात रिकामा केला. साहेब चकित होऊन म्हणाले, "अरे, तू तर छुपा रुस्तम निघालास!" मी घरी येऊन दोन चमचे साखर खाल्ली आणि विषय संपला असं समजलो.

पण विषय संपला नव्हता. माझ्या बहिणीचा मुलगा शिकायला म्हणून फ्रान्समध्ये बोर्दोला गेला. तिथल्या विद्यापीठाचा बराचसा भाग पेसाक नावाच्या उपनगरात आहे. आपल्या पुण्याला कोथरूड तसं बोर्दोला पेसाक. तिथून त्यानं फोनवर एक फोटो पाठवला. दगडी कुंपण, कुंपणाच्या आत द्राक्षाच्या वेलींच्या सरळ रांगा, आणि चारही बाजूंना घरं, दुकानं, रस्ते, गाड्या. खाली लिहिलं होतं, "मामा, ही जगातली एक नंबरची वाइन. पाचशे वर्षांची बाग आहे."

आता तुमच्यासारख्या रसिक माणसानं यावर काय विचारलं असतं? चव कशी असते, किंमत काय, फुकट चाखायला देतात का, वगैरे. मी वीस वर्षं बँकेत आहे आणि त्यातली नऊ वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर. माझ्या तोंडून पहिला प्रश्न बाहेर पडला तो असा : "भर शहरातली सव्वाशे एकर जागा! अजून बिल्डरनं कशी नाही घेतली?"

"अहो, फोटोतली द्राक्षं तरी बघा," ही म्हणाली.

"द्राक्षं पळून जात नाहीत. टायटल जातं," मी म्हणालो.

वाचकहो, गृहकर्ज देताना बँक ज्याला 'टायटल सर्च' म्हणते ते प्रकरण तुम्हाला ठाऊक असेलच. जमीन आज ज्याच्या नावावर आहे, त्याच्याकडे ती कुठून आली, त्या आधीच्याकडे कुठून आली, असं मागं मागं तीस वर्षं जायचं. वाटेत एखादी विधवा आत्या, एखादा मुंबईला पळून गेलेला चुलता, सही राहिलेलं एखादं हक्कसोडपत्र लागतंच लागतं. तीस वर्षांत बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाच्या नाकी नऊ येतात. मी म्हटलं, इथं पाचशे वर्षं आहेत. बघू या तरी. ऑफिस सुटल्यावर मी रोज तासभर वाचत बसलो, आणि त्या बागेचा शोध अहवाल मनातल्या मनात तयार केला. तोच तुमच्यापुढे ठेवतो. फी नाही.

मिळकतीचं नाव : शातो ओ-ब्रियों. फ्रेंचमध्ये लिहिताना ह्या नावाच्या सुरुवातीला 'ह' आहे, पहिल्या शब्दाच्या शेवटी 'ट' आहे, आणि दोघंही उच्चारात काम करत नाहीत, नुसते खुर्च्या अडवून बसतात. (आमच्या शाखेत असे दोघे आहेत. पण ते असो.) 'शातो' म्हणजे वाडा, पण बोर्दोकडे वाडा, बाग आणि दारूचं कोठार मिळून अख्ख्या इस्टेटीलाच शातो म्हणतात.

आता मूळ मालक. इथं माझी छाती अभिमानानं फुगली, कारण ह्या जगप्रसिद्ध बागेचा मूळ पुरुष कुणी राजा नव्हता, सरदारही नव्हता. तो कारकून होता! जाँ द पोंताक हे त्याचं नाव. बोर्दोच्या 'पार्लमां'त, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयात, तो दिवाणी आणि फौजदारी दप्तराचा मुख्य लेखनिक होता. आता हा लेखनिक म्हणजे दहा ते पाच खर्डेघाशी करणारा नव्हे, ती मोठी मानाची आणि कमाईची जागा होती, हे मला कळतं. तरी पण दप्तर ते दप्तर. सातासमुद्रापलीकडचा का होईना, आपल्यातलाच एक!

१५२५ साली ह्या पोंताकनं जान द बेलों नावाच्या मुलीशी लग्न केलं. मुलीचे वडील लिबूर्न गावचे महापौर. मुलीनं हुंड्यात जमीन आणली, आणि ती होती ओ-ब्रियोंची. माझ्या सासऱ्यांनी मला मनगटी घड्याळ दिलं होतं; त्याचं टायटल क्लिअर होतं, पण ते चालत नसे. पोंताकनं मात्र हुंड्यावर समाधान मानलं नाही. १५३३ साली त्यानं तिथला जुना वाडा आणि त्याचे हक्क विकत घेतले, आजूबाजूचे तुकडे जोडत नेले आणि १५४९ साली नवा वाडा बांधायला काढला. तो वाडा आजही बाटलीच्या लेबलावर असतो.

हा गृहस्थ १०१ वर्षं जगला. तीन लग्नं केली. पंधरा मुलं झाली. हयातीत सात राजे पाहिले. पेन्शन खात्याच्या दृष्टीनं असा माणूस म्हणजे संकटच. पण जमिनीच्या दृष्टीनं फार बरं झालं. पन्नास-साठ वर्षं एकाच माणसाच्या डोक्यात एकच बाग होती. आपल्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी दर वर्षी बदलतो आणि दर वर्षी नवा सेक्रेटरी आधीच्यानं लावलेली झाडं उपटतो, हे ध्यानात घ्या म्हणजे ह्या गोष्टीचं मोल कळेल.

आता जमीन कशी होती? तर रद्दी. पेसाकचा तो सगळा पट्टा 'ग्राव्ह' म्हणून ओळखला जातो. त्याचा अर्थच मुळी खडी. कमरेइतकी वाळू आणि गोटे. इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन लॉक १६७७ साली मुद्दाम ही बाग बघायला गेला होता. पांढरी वाळू आणि त्यात मिसळलेले खडे पाहून त्याला वाटलं, इथं काही उगवत असेल हेच खरं वाटत नाही. पण द्राक्षाच्या वेलीचं मध्यमवर्गीय माणसासारखं आहे. सगळं आयतं मिळालं की ती नुसती पानं काढते. पाण्यासाठी मुळांना खोल खोल धडपडायला लागलं की मग फळात काहीतरी उतरतं. शिवाय ते गोटे दिवसभर ऊन पितात आणि पावसाचं पाणी खाली सोडून देतात. आमच्या पॅनेलवरच्या मूल्यमापकानं ह्या जमिनीला 'शेतीस अयोग्य' असा शेरा मारून फाइल परत पाठवली असती.

पुढच्या पिढ्यांत आर्नो द पोंताक हा पणतू शोभणारा गडी निघाला. हा बोर्दोच्या न्यायालयाचा अध्यक्षच होता. तोपर्यंत बोर्दोची वाइन इंग्लंडला जायची ती बिननावाची. पिंपात भरायची, जहाजात चढवायची, आणि तिकडे पोचली की सरसकट 'क्लॅरेट'. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात गूळ असतो, तसं. गुळाला कोण नाव विचारतो? आर्नोनं ठरवलं, की माझी वाइन माझ्या बागेच्या नावानंच विकली जाईल. १६६० साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या तळघराच्या हिशोबवहीत ह्या वाइनच्या १६९ बाटल्यांची नोंद झाली. नाव काय लिहिलं? 'होब्रियोनो'. एप्रिल १६६३ मध्ये सॅम्युएल पीप्स हा इंग्रज आरमाराच्या कचेरीतला अधिकारी लंडनच्या एका गुत्त्यात ही वाइन प्याला आणि घरी येऊन रोजनिशीत त्यानं लिहून ठेवलं, की अशी चांगली आणि आगळी चव मी पूर्वी कधी घेतली नव्हती. त्यानं नाव लिहिलं 'हो ब्रायन'. पुढे शंभरेक वर्षांनी अमेरिकेचा थॉमस जेफरसन आला, त्यानं लिहिलं 'ओब्रियन'. एवढ्या वेगवेगळ्या नावांचा चेक माझ्या काउंटरवर आला असता तर 'नाव जुळत नाही' म्हणून मी तिन्ही वेळा परत केला असता. पण गंमत बघा. पिणाऱ्यांनी नाव चुकवलं, पण नाव घेतलं. बिननावाच्या पिंपाला नाव मिळालं ते असं.

१६६६ साली लंडनला मोठी आग लागली, निम्मं शहर जळालं. आर्नोनं काय करावं? दुःखाचा ठराव पाठवावा? छे. त्यानं आपला मुलगा फ्राँस्वा-ऑग्युस्तला लंडनला पाठवलं आणि तिथं एक झोकदार खाणावळ उघडली, 'पोंताकची पाटी'. पाटीवर चित्र कुणाचं? खुद्द वडिलांचं! लंडनची सगळी बडी मंडळी तिथं जेवायला. रॉयल सोसायटीच्या शास्त्रज्ञांची वार्षिक पंगत पुढे कैक वर्षं तिथंच झडायची. 'गलिव्हर'वाला जोनाथन स्विफ्ट तिथं जेवला, तर मालक त्याला म्हणाला, की आमची वाइन एवढी उत्तम, तरी आम्ही इतरांपेक्षा स्वस्तच देतो. बाटलीला सात शिलिंग फक्त! त्या काळात सात शिलिंग म्हणजे मजुराची आठवड्याची कमाई. हे 'फक्त' मी ओळखतो. बिल्डरच्या माहितीपत्रकात ते अजून आहे.

इथपर्यंत टायटल अगदी आरशासारखं. आता फाटे फुटले. फ्राँस्वा-ऑग्युस्त १६९४ साली वारला. मूलबाळ नाही. दोन हिस्से बहिणीकडे गेले, एक हिस्सा भाच्याकडे. वाचून मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, आलं! बोर्दो असो की बारामती, शेवटी गाडी इथंच येते. एका बागेचे दोन तुकडे झाले, आणि ते पुन्हा एक व्हायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. बहीण मार्गोच्या मालकांच्या घरात दिलेली होती. शातो मार्गो हीसुद्धा तशीच नामांकित बाग. म्हणजे मोठा हिस्सा आणि मार्गो एकाच घरात. तिथून पुढे लग्नाच्याच वाटेनं तो फ्युमेल घराण्याकडे आला.

जेफरसन मे १७८७ मध्ये तिथं गेला, तेव्हा तो अमेरिकेचा फ्रान्समधला वकील होता. त्यानं बोर्दोच्या पहिल्या प्रतीच्या चार बागा लिहून काढल्या, त्यांत ही होती. मेहुण्यासाठी सहा डझन बाटल्या पाठवून दिल्या. (मेहुणे वाचत असतील तर त्यांनी नोंद घ्यावी : हा अमेरिकेतला रिवाज आहे.) त्यानंतर दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये क्रांती झाली. बागेचा मालक जोझेफ द फ्युमेल हा बोर्दोच्या किल्ल्याचा सेनाधिकारी. लोकांत मिळून मिसळून वागणारा, किल्लासुद्धा त्यानं लोकांच्या हवाली केला होता. पण दहशतीच्या दिवसांत चांगुलपणाचा बोजा कुठल्या रजिस्टरला चढत नाही. जुलै १७९४ मध्ये त्याचं मस्तक उडवलं. त्याच महिन्याच्या २८ तारखेला खुद्द रोबेस्पियर गिलोटिनवर गेला आणि ती लाट ओसरली. काही दिवसांचा फरक. सरकारजमा झालेली इस्टेट पुढे वारसांना परत मिळाली, मालक कसा परत मिळणार?

मला इथं थांबावंसं वाटलं. शोध अहवालात अशा ठिकाणी आम्ही 'सदर इसम मयत झाल्याने वारस नोंद' असं लिहितो. किती सोयीचं वाक्य आहे! कॉलऱ्यानं गेलेला, विहिरीत पडलेला, फाशी गेलेला, सगळे त्यात मावतात.

वारसांनी १८०१ साली बाग विकली ती तालेराँला. हा नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री, राजे बदलले तरी खुर्ची न सोडणारा. त्याचं टेबल युरोपात गाजलेलं. तह करायचा तर आधी जेवू घालायचं, ही त्याची पद्धत. पण तीन वर्षांत, १८०४ साली, त्यानं ती विकून टाकली. पुढे ती हातोहात फिरत १८३६ साली जोझेफ-युजेन लारिय नावाच्या पॅरिसच्या बँकरकडे आली. आणि ह्या माणसानं, ऐका, १८४१ साली तो भाच्याकडचा सुटलेला तुकडा विकत घेऊन बाग पुन्हा अखंड केली. एका बँकवाल्यानं! आमच्या युनियनच्या पुढच्या सभेत मी हे सांगणार आहे.

१८५५ साली पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं. सम्राट तिसऱ्या नेपोलियनची इच्छा, की बोर्दोच्या वाइनची प्रतवारी लावून मांडा. ते काम बोर्दोच्या दलालांकडे आलं. दलालांनी चव बघत वेळ घालवला नाही. त्यांनी जुन्या वह्या काढल्या आणि वर्षानुवर्षं कुणाचा काय भाव फुटला ते पाहून यादी केली. बी. कॉम. माणसाला पटेल अशी ही एकच रसग्रहणपद्धती! पहिल्या प्रतीत फक्त चार तांबड्या वाइन आल्या : लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. (लातूर वाचून दचकू नका. आमच्या लातूरशी त्याचा काही संबंध नाही.) पहिल्या तिन्ही मेदोक भागातल्या. त्या भागाबाहेरची एकटी ओ-ब्रियों. तिला वगळणं दलालांना शक्यच नव्हतं, तिचा भाव वह्यांत बसला होता. ह्या पहिल्या प्रतीत पाचवं नाव आलं ते थेट १९७३ साली, मूतों-रोथशील्डचं. म्हणजे बढतीला ११८ वर्षं. आमच्याकडे प्रमोशनसाठी कुरकुरणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

मग वेलींवर रोग आले, महायुद्ध आलं, लारियंचा अंमल संपला, आणि शहर वाढत वाढत कुंपणाला येऊन टेकलं. शेजारपाजारच्या बागा एकेक करून गेल्या. तिथं घरं उभी राहिली. १९३० नंतरच्या मंदीत वाइनला गिऱ्हाईक नाही आणि जमिनीला मात्र आहे, अशी वेळ आली. त्या वेळचा मालक आंद्रे जिबेर. त्यानं बोर्दो शहराला सांगितलं, की बाग तुम्हाला देतो, अट एकच : ती कायम बागच ठेवायची. शहरानं नको म्हटलं.

शेवटी १९३५ साली क्लॅरेन्स डिलन ह्या अमेरिकन माणसानं ती सुमारे २३ लाख फ्रँकला घेतली. हा कोण? न्यूयॉर्कचा बँकर! मुळात टेक्सासचा. १९२५ साली ह्यानं डॉज मोटार कंपनी १४ कोटी ६० लाख डॉलरला खरेदी केली होती. असं सांगतात, की तो आणखीही बागा बघणार होता, पण धुकं आणि गारठा फार, म्हणून जवळची तेवढी पाहिली. फ्रेंच लोकांना वाटलं असेल, आता हा परका सावकार तुकडे पाडून विकणार. पण त्यानं भाच्याला कारभार बघायला बसवलं, आणि त्या भाच्यानं तो चाळीस वर्षं पाहिला. मग नात जोन आली, ती लग्नानं लक्झेंबर्गच्या राजघराण्यात गेलेली. तिनं १९८३ साली रस्त्यापलीकडची कट्टर प्रतिस्पर्धी बाग, ला मिसियों ओ-ब्रियों, विकत घेतली, पण दोन्हींची वाइन मात्र वेगळीच ठेवली. २००८ साली तिचा मुलगा प्रिन्स रॉबेर अध्यक्ष झाला. कारकुनापासून निघालेलं टायटल राजपुत्रापाशी येऊन पोचलं.

पण अहवाल इथं संपवला तर तो अपुरा राहील. कारण खरेदीखतात ज्यांचं नाव कुठंच नाही असं एक घराणं ह्या बागेत आहे. १९२० नंतरच्या दशकात जॉर्ज देल्मास नावाचा एक कारभारी इथं नोकरीला लागला. म्हणजे डिलनच्या आधीपासून. त्याचा मुलगा जाँ-बेर्नार बागेतच जन्मला आणि १९६१ साली कारभारी झाला. त्याच वर्षी रस आंबवायला लाकडी पिंपांऐवजी पोलादी टाक्या बसल्या. बोर्दोच्या नामवंत बागांत ही पहिलीच. जुन्या लोकांनी नाकं मुरडली. दुधाची डेअरी वाटते म्हणाले. पुढे सगळ्यांनी तेच केलं. त्यानं वेलींचे शेकडो वाण एकेक करून पारखले. तो निवृत्त झाल्यावर त्याचा मुलगा जाँ-फिलिप त्या जागी आला. तीन पिढ्या. मालकी कागदावर ज्यांची त्यांची होती, पण कुठल्या रांगेतल्या कुठल्या वेलीला पाणी लागतं हे ज्यांना झोपेतही सांगता यावं, ते हे लोक.

मी हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तू एकदा तरी प्यायला हवीस." मग जरा थांबून म्हणाला, "आपल्या आजोबांची चिंचेची झाडं कुठं होती रे नक्की?"

आता सांगायलाच हवं. आमचीही जमीन होती. अडीच एकर, शहराबाहेर, चार चिंचा आणि एक विहीर. शहर चालत चालत कुंपणाला येऊन टेकलं, तसं चार भाऊ, दोन बहिणी, नऊ सह्या असं करून आम्ही ती विकली. तीस वर्षांचा शोध निष्कलंक निघाला होता. विकू नका म्हणणारं कुणी नव्हतं. आजोबांना जमीन कळायची, ते जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि आमच्यापैकी एकालाही विहिरीचा झरा कुठल्या अंगाला आहे हे सांगता येत नव्हतं. मी सही केली. माझ्या हिश्श्यातून आम्ही आता राहतो ती दोन खोल्यांची जागा झाली. ही जागा नसती तर मी तुम्हाला हा लेख भाड्याच्या खोलीतून लिहिला असता, तेव्हा मी गळा काढणार नाही. पण पोंताकची पाचशे वर्षं वाचताना एक गोष्ट कळली. जमीन राखायला पैसा लागतो हे खरं, कायदा लागतो हेही खरं. पण त्यापेक्षा तिच्यात काय येतं हे ठाऊक असलेलं एक तरी माणूस दर पिढीला लागतं. ते नसलं की टायटल कितीही स्वच्छ असो, मालक आधीच गेलेला असतो.

मी भाच्याला म्हटलं, "बी विंगच्या पार्किंगमध्ये जिथं पाण्याची टाकी आहे ना, तिथं दोन. बाकीच्या दोनांचं तुझ्या आईला विचार."

आणि अहवालाखाली आमच्या नेहमीच्या पद्धतीनं शेरा लिहिला : 'शातो ओ-ब्रियों, मौजे पेसाक. टायटल क्लिअर अँड मार्केटेबल. तथापि विकू नये.'